पाच पडव्या

शास्त्रपाठ : योहान ५:१-१४, प्रेषितांची कृत्ये ६:१-६



यरुशलेम नगरात मेंढरे-दरवाजाजवळ बेथेसदा नावाचे एक तळे होते व त्याला पाच पडव्या होत्या, असे योहानाने मुद्दाम लिहून ठेविले आहे. पडव्यांची संख्या सांगण्याचे कारण हेच की त्या रिकाम्या नव्हत्या. आंधळे, लंगडे, अंग वाळून गेलेले असे रोगी तेथे दाटीने पडून असत. त्यांची समजूत अशी होती की मधूनमधून तळ्याचे पाणी हालते, आणि ते हालताच जो कोणी पहिल्याने आत उतरेल तो बरा होतो. मागाहून उतरणाऱ्यास काही लाभ नाही. देवदूत येऊन पाणी हालवीत असे, हे वचन सर्वांत जुन्या हस्तलिखितांत सापडत नाही. तथापि लोक काय मानीत होते हे त्या रोग्याच्या तोंडच्या शब्दांवरूनच उघड होते.

ही व्यवस्था कशी होती ह्याचा क्षणभर विचार करा. ज्याचा रोग हलका त्याचे पाय चपळ. ज्याच्या उशाशी मुलगा, भाऊ किंवा चाकर उभा, तो पाण्यात आधी. ज्याची गरज सर्वांत मोठी, तोच सर्वांच्या मागे. प्रभूने ज्याला हाक मारली तो माणूस ३८ वर्षे आजारी होता, आणि त्याची तक्रार रोगाविषयी नव्हतीच. आपल्याला पाण्यात सोडणारे कोणी माणूस नाही, आपण सरपटत जातो तोवर दुसरा उतरलेला असतो, एवढेच तो सांगतो.

बंधूंनो, असे एक तळे आज आपणा प्रत्येकाच्या खिशात आहे. फोनच्या काचेवर मधूनमधून पाणी हालते, कोणा एका दुःखिताचा चेहरा वर येतो, आणि हजारो हात त्याला उचलावयास धावतात.

सन २०२० च्या ऑक्टोबर महिन्यातील दिल्लीची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. त्या वर्षी २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली होती; ती पुढे सैल झाली तरी गिऱ्हाईक रस्त्यावर परतले नव्हते. दक्षिण दिल्लीत रस्त्याच्या कडेला एका टपरीत वृद्ध पतिपत्नी भाजी, डाळ व पोळ्या करून विकीत असत. एका तरुणाने त्यांची चित्रफीत काढली. दिवसाची कमाई किती, असे विचारताच वृद्धाने गल्ल्यातील थोड्याशा नोटा पुढे केल्या आणि त्याला रडू कोसळले. ती चित्रफीत एका रात्रीत लाखो लोकांनी पाहिली. नटनट्यांनी व खेळाडूंनी ती पुढे पाठविली. दुसऱ्या दिवशी टपरीपुढे रांग लागली, छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी झाली, आणि दूरदूरच्या लोकांनी पैसे पाठविले.

ज्यांनी पैसे पाठविले त्यांनी वाईट केले असे मी म्हणत नाही. रडणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाहून ज्याचे हृदय द्रवत नाही त्याच्यापेक्षा जो द्रवून शंभर रुपये पाठवितो तो देवराज्याच्या अधिक जवळ आहे. परंतु गोष्ट तेथे संपली नाही. नोव्हेंबरात त्या पैशांवरून वाद उत्पन्न झाला व प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. डिसेंबरात वृद्धाने नवे उपाहारगृह काढले. भाडे, नोकरांचा पगार व इतर खर्च भागेना, म्हणून ते फेब्रुवारी २०२१ मध्ये बंद झाले, आणि तो आपल्या जुन्या टपरीवर परत आला. पुढे त्याने त्या तरुणाची क्षमाही मागितली. वृद्धाला किंवा तरुणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. ज्याच्या दारी आयुष्यभर पन्नास गिऱ्हाइके आली नाहीत त्याच्या दारी एका सकाळी अवघे शहर लोटले, तर त्याचा तोल जाणार नाही तर काय होईल? मला एवढेच दिसते की आलेली गर्दी दुसऱ्यांदा आली नाही.

आणि पाण्यात न उतरलेले? त्या वर्षी दिल्लीत, मुंबईत, पुण्यात, आपल्या तालुक्याच्या गावी हातगाडीवाले, पाटीवाल्या, चहाच्या टपऱ्या, सर्वांचा धंदा बसला होता. त्यांच्याही गल्ल्यात तेवढ्याच नोटा होत्या. कित्येकांना परक्यापुढे रडू येत नाही. कित्येकांचे तोंड चित्रात गोड दिसत नाही. कोणी कडक बोलतो, कोणी दारू पितो, कोणी हिशेब विचारणाऱ्यावर रागावतो. त्यांच्याकडे फोन वळला नाही.

ह्या लोकांसाठी काही विचार झालाच नव्हता असे मात्र नाही, आणि हे आपण जाणून घेतले पाहिजे. रस्त्यावरील विक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा भारताच्या संसदेने २०१४ सालीच केला होता. नगरपालिकेने विक्रेत्यांची पाहणी करावी, त्यांना प्रमाणपत्र द्यावे, पाहणी पुरी होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणास हुसकू नये, असे त्यात आहे. ज्या समितीने हे काम करावयाचे तिच्यात निदान शेकडा ४० सभासद विक्रेत्यांनी स्वतः निवडलेले असावे, आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्या. जप्त केलेला नाशवंत माल त्याच दिवशी परत द्यावा, एवढे बारीक कलमही त्यात आहे. ज्याने आठवडे बाजारात भाजीची पाटी उचलून नेलेली व संध्याकाळपर्यंत कोथिंबीर सुकलेली पाहिली आहे, त्याला ह्या एका कलमाची किंमत कळेल. २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने अशा विक्रेत्यांना भांडवलासाठी १०,००० रुपयांचे कर्ज देण्याची योजनाही सुरू केली. परंतु ज्याची पाहणीत नोंद नाही, ज्याच्याजवळ कागद नाही, त्याला कायद्याच्या दारात उभे राहण्यासच किती खेटे घालावे लागतात हे तुम्ही जाणता. कायद्याची चित्रफीत कोणी काढीत नाही, आणि काढली तरी पाहून कोणाचे डोळे भरून येणार?

जुन्या करारात देवाने आपल्या लोकांना जी व्यवस्था लावून दिली तिच्याकडे ह्या दृष्टीने पाहा. लेवीयाच्या १९ व्या अध्यायात व अनुवादाच्या २४ व्या अध्यायात शेतमालकाला आज्ञा आहे की त्याने कापणी करताना शेताचे कोपरे राखावे, विसरलेली पेंढी आणावयास मागे फिरू नये, जैतून दुसऱ्यांदा झोडू नये. ते परक्याचे, अनाथाचे व विधवेचे आहे. ह्या आज्ञेत एक नाजूक गोष्ट दडली आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचावयास गेली तेव्हा तिला आपली कहाणी सांगत दारोदार फिरावे लागले नाही. नवरा मेला, सासू म्हातारी, आपण मवाबी, हे दुःख तिने बांधावर मांडून दाखविले नाही. मालकाने तिची चौकशी केली ती मागाहून, ती सकाळपासून वेचीत असल्याचे पाहिल्यावर. आणि त्याने जे अधिक दिले ते त्याच्या मनाचे मोठेपण. पण मूळ धान्य तिला कोणाच्या मनावर अवलंबून न राहता मिळत होते. तिला रडून दाखवावे लागले नाही. दरिद्री माणसाला भाकरीसाठी आपले अश्रू विकावे लागू नयेत, एवढी काळजी त्या आज्ञेत घेतली आहे. दिल्लीच्या वृद्धाचे दुःख खरे होते. तरी ते परक्यांच्या फोनात शिरल्यावाचून त्याला भाकर मिळाली नाही, हे आपल्या सर्वांना लाजविणारे आहे.

आता एक आक्षेप येतो, आणि तो मी टाळू इच्छीत नाही. मागच्या रविवारी उपासनेनंतर एका तरुणाने मला विचारले, “पाळकसाहेब, पाच पडव्या भरून रोगी होते, मग प्रभूने तरी एकालाच का बरे केले?” ह्या प्रश्नाचे पुरते उत्तर माझ्यापाशी नाही, आणि आहे असे मी भासविणार नाही. मला शास्त्रात तीन गोष्टी दिसतात त्या सांगतो. प्रभूने पाण्याच्या काठी असलेल्याला निवडले नाही. ज्याला कोणी माणूस नव्हते त्याला निवडले. बरे केल्यावर तो गर्दीतून निघून गेला; आपल्याला कोणी बरे केले हे त्या माणसाला सांगताही येईना. आणि मागाहून प्रभूने त्याला मंदिरात शोधून काढले व त्याच्याशी बोलला. म्हणजे एकालाच दिले खरे, पण न दाखविता दिले, आणि दुसऱ्यांदा भेटला. हे झाले प्रभूचे. पण त्याच यरुशलेमेत, फार वर्षे लोटली नाहीत तोच, त्याच्या मंडळीने काय केले ते प्रेषितांच्या कृत्यांच्या ६ व्या अध्यायात आहे, आणि तेथे पडव्यांचा प्रश्न आपल्याकडे येतो.

मंडळीत रोजची वाटणी होत असे. ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकूर झाली की आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांनी काय करावे? तक्रार करणाऱ्या एका विधवेला बोलावून तिच्या पदरात दुप्पट घालता आले असते. कुरकूर थांबली असती. कुरकूर करणाऱ्यांना अविश्वासी म्हणून गप्पही बसविता आले असते, आणि पुष्कळ मंडळ्यांत आजही हाच उपाय चालतो. त्यांनी सर्वांना एकत्र बोलाविले, वाटणीच बिघडली आहे हे मान्य केले, आणि त्या कामावर सात माणसे नेमली. त्या सातांची नावे वाचा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तिमोन, पार्मिना, निकलाव. सगळी नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा उपाशी राहिल्या त्यांच्याच हाती वाटणी दिली.

आता मला माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्यावाचून हा उपदेश करण्याचा मला अधिकार नाही.

आपल्या मंडळीतील किती घरे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात हे मी तुम्हांस सांगावयास नको. नवराबायको मिळून एक कोयता. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घ्यावयाची, आणि मग हंगामभर टनाच्या दराने ती फेडावयाची. मागील हंगामात आपल्या वस्तीतील एक भाऊ मोळ्या भरताना ट्रॉलीवरून पडला व त्याचा पाय मोडला. कोपीत पाल पांघरून पडलेला तो, उशाशी बायको, पायाशी लहान मूल, असे चित्र कोणी तरी काढून पाठविले. ते माझ्या फोनवर आले. मी पुढे पाठविले. ओळखीच्या, अनोळखी लोकांनी मिळून ४६,००० रुपये जमविले. मी वेदीपुढे उभा राहून देवाचे उपकार मानले, ज्यांनी दिले त्यांची स्तुती केली, आणि खरे सांगतो, त्या रविवारी माझ्या मनात स्वतःविषयीही थोडे समाधान होते.

आषाढात मी त्याच्या घरी गेलो तेव्हा तो कुबडीवर होता. औषधपाण्याला काही पैसे गेले. राहिले होते ते? त्याने खाली पाहिले. उचल ८०,००० ची होती. हंगाम अर्ध्यावर मोडला, कोयता बसला. मुकादम घरी आला व ३०,००० घेऊन गेला. “देणे होते, पाळकसाहेब, ते द्यावेच लागले,” असे तो म्हणाला. उरलेल्या कर्जासाठी येत्या हंगामात बायकोने धाकट्या दिराबरोबर जावयाचे ठरले आहे. म्हणजे आपण ज्याच्या हातावर पैसे ठेवले त्याच्या हातात ते थांबलेच नाहीत. ते वाहत कोठे जावयाचे ती वाट आधीच आखलेली होती, आणि आपण तिच्याकडे एकदाही पाहिले नव्हते.

मी उठलो तोच शेजारच्या घरातील बहीण दारात उभी होती. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी फडातच साप चावून मेला. तेव्हापासून ती मोठ्या मुलाला घेऊन जाते. तिने रागाने काही म्हटले नाही. ती एवढेच म्हणाली, “पाळकसाहेब, माझे धनी गेले तेव्हा कोणाच्या फोनात त्यांचे चित्र नव्हते.”

त्या रात्री मी प्रेषितांची कृत्ये उघडली. वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, ही कुरकूर माझ्या दारात येऊन ठेपली होती, आणि मी दोन वर्षे ती ऐकली नव्हती.

तेव्हा काय करावयाचे? कोणी म्हणतील, पाळकाने आत्म्यांची काळजी वाहावी, उचल व टनाचा दर ह्यांत पडू नये. ह्यांना मी याकोबाच्या पत्राचा ५ वा अध्याय दाखवितो. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते व तो ओरडा सेनाधीश परमेश्वराच्या कानी जातो, असा तेथील आशय आहे. देव जे ऐकतो ते त्याच्या सेवकाने ऐकू नये काय? आणि कोणी म्हणतील, एवढे मोठे दारिद्र्य, आपण मूठभर गावकरी त्याला काय पुरे पडणार? ह्यांना मी आपल्याच महाराष्ट्रातील हमालांची गोष्ट सांगतो. बाजारात पाठीवर पोती वाहणारा हमाल सकाळी एका व्यापाऱ्याकडे, दुपारी दुसऱ्याकडे. कोणीही म्हणे, हा माझा नोकर नव्हे. पाठ मोडली तर कोणाचे देणे नाही, म्हातारपण आले तर कोणाचा आधार नाही. दयाळू व्यापारी तेव्हाही होते. सणाला कोणी धोतर देई, आजारात कोणी दहा रुपये देई. हमाल एकत्र आले. मुंबईत अण्णासाहेब पाटील, पुण्यात बाबा आढाव ह्यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे त्यांच्यासाठी खटपट केली, आणि १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. त्याअन्वये मालक व हमाल ह्या दोघांचीही मंडळाकडे नोंद होते. मालकाने मजुरी आणि तिच्यावर ठराविक शेकडा रक्कम मंडळात भरावयाची. मंडळ मजुरी देते, भविष्यनिर्वाह निधी साठविते, रजा, उपदान व औषधोपचार ह्यांची सोय करते. त्यात चुकारपणा होतो, लबाडीही होते. मी त्याला स्वर्गराज्य म्हणत नाही. परंतु ज्या हमालाचे नाव त्या वहीत आहे त्याला पाय मोडल्यावर आपले चित्र कोणास पाठवावे लागत नाही.

ऊसतोड कामगारांसाठीही राज्य शासनाने गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन केले आहे, आणि कामगारांची गावोगाव नोंद करून त्यांस ओळखपत्र द्यावे असे २०२१ साली ठरले. आपल्या वस्तीतील किती कोयत्यांजवळ ते ओळखपत्र आहे, हे मी मागील महिन्यात घरोघर विचारले. जखमी भावाजवळ नव्हते. विधवा बहिणीला असे काही असते हेच ठाऊक नव्हते. हा दोष मी केवळ सरकारच्या माथी मारू शकत नाही. चित्र पुढे पाठवावयास मला क्षणही लागला नव्हता. हे विचारावयास मला इतकी वर्षे लागली.

दर रविवारच्या दानातून मदतीची पेटी पूर्वीप्रमाणे चालेल. ज्याच्या घरी चूल पेटली नाही त्याला आधी भाकर, मग कागद. ह्यात कोणी घोटाळा करू नये. परंतु ह्यापुढे कोणाचे चित्र माझ्या फोनवरून मंडळीत जाणार नाही. पेटीतून दिलेल्या मदतीचे नाव पंचांशिवाय कोणास कळणार नाही. आणि पेटीचा हिशेब पाहणाऱ्या पंचांत दोन जागा ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना द्याव्या, असा ठराव मंडळीने गेल्या आठवड्यात केला आहे. त्यावर थोडी वादावादी झाली. जे हंगामात गावी नसतात ते हिशेब कसा पाहणार, असे एका वडिलांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. उन्हाळ्यात परत आल्यावर त्यांच्यापुढे वही ठेवावी असे ठरले.

दसऱ्यापूर्वी प्रत्येक कोयत्याची यादी करून ग्रामपंचायतीत द्यावयाची आहे : नाव, वय, मुकादम कोण, उचल किती, दर कोणता ठरला, कारखाना कोणता. यादी सभागृहात टेबलावर ठेविली आहे, आणि ज्यांना लिहिता येते अशा दोन तरुणी उपासनेनंतर तेथे बसतात. आजवर १७ घरांची नावे झाली. पहिले नाव पाय मोडलेल्या भावाचे आहे. त्याच्या नावाखाली कोयत्याचा दुसरा हात म्हणून पत्नीचे नाव आम्ही लिहू लागलो, तेव्हा तिने ते वेगळ्या ओळीवर लिहावयास सांगितले; तसे केले आहे. विधवा बहिणीने आपले नाव दिले, मुकादमाचे दिले, उचलीचा आकडा दिला. मग तिने विचारले की धाकटी पोर तिसरीत आहे, ती हंगामात कोणाकडे राहील व तिच्या शाळेचे काय, हे कोठे लिहावयाचे. आमच्या कागदावर ते सदर नव्हते. ते आखले आहे, आणि आधी लिहिलेल्या घरांना पुन्हा विचारावयास त्या दोघी उद्या निघणार आहेत.